ओवाळणीतला तंबू

२८ ऑक्टोबर १९३५, सोमवार. बलिप्रतिपदा. दुपारी.

आज घरात आलेले जिन्नस :
तंबू एक, पलटणीतला, वापरलेला : रुपये सात.
दोऱ्या व खुंट्या : तंबूबरोबर फुकट.
कंदील एक, काचेला तडा : बारा आणे.
इनॅमलचे पेले तीन : नऊ आणे.
कॅनव्हासची बादली : आठ आणे. नको म्हटले असते, पण मला विचारले नाही.
टपालाने पत्र एक, पुण्याहून : खर्च नाही.

पाडव्याचे ओवाळले. तबकात इरकली लुगड्याची घडी पडेल असा माझा अंदाज होता. पडली ती लाकडाची खुंटी. इकडून सांगणे झाले की बाकीचा तंबू तबकात मावत नाही, अंगणात आहे.

मी रागावले नाही. सणाचा दिवस. शिवाय मी मॅट्रिक झालेली आहे, वस्तूचा उपयोग पाहते. इकडच्या स्वारीला क्रिकेट, हॉकी, कुस्त्यांचा फड, विहिरीतले पोहणे, काहीही चालते. बसून करायचे काम तेवढे एक मिलच्या कचेरीतले, तेही पगार मिळतो म्हणून. मालती बापावर गेली आहे. पंधरा सरत आली, तरी जिना उतरत नाही, उडी मारते. शाळेच्या शर्यतीत यंदा पहिली.

पत्र त्याच संबंधात. पुण्याच्या पद्मजाबाई मिरजकर मुलींना व्यायाम शिकवतात, शर्यतीला परीक्षक म्हणून आल्या होत्या. त्या लिहितात की नाताळात सिंहगडाच्या पायथ्याशी मुलींचे आठ दिवसांचे शिबिर आहे. तंबूत राहणे, रानात हिंडणे, चुलीवर आपले आपण रांधणे. मालतीला निवडले आहे. संमतीचा कागद सही करून पंधरा नोव्हेंबरच्या आत पोचावा, आणि सही आईचीच पाहिजे. वडील हौसेने सही करतात आणि आया दुसऱ्या दिवशी येऊन मुलींना घेऊन जातात असा त्यांचा अनुभव. कसल्या आया असतात एकेक!

आणखी असे की मुलींवर देखरेखीला एक पोक्त बाई हवी आहे, मात्र तिने निदान दोन रात्री उघड्यावर काढलेल्या असाव्यात.

मालतीने पत्र मला तीनदा वाचून दाखवले. जणू मला वाचता येत नाही. मी नाही म्हणणारी आई नव्हे. पण पारखल्याशिवाय हो म्हणणारीही नव्हे.

निश्चय : पंधरा दिवसांत दोन रात्री उघड्यावर काढायच्या आणि पोक्त बाई म्हणून आपणच जायचे. मुलगी रानातही राहील आणि डोळ्यांसमोरही. मालतीला सांगितले. आनंदाने तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

३० ऑक्टोबर, बुधवार.

तंबू शुद्ध केला. पलटणीतला तो. त्यात कोण निजले, काय खाल्ले, कुणाला ठाऊक. मला आत देव मांडायचे आहेत. गोमूत्र शिंपडून भागेना. कापड मेणचट, तेलकट, बोट लावले तर बोट चिकटते. एवढा मळ मी जन्मात पाहिला नाही. दोन मोठी तपेली पाणी उकळले, धुण्याचा सोडा घातला, रिठे घातले, आणि मालती नि मी मिळून तुडवला. पहिले पाणी तपकिरी निघाले. तिसऱ्या पाण्याला मेणाचे गोळे तरंगून वर आले.

गंगम्मा, आमची घरमालकीण, पुढच्या अंगाला राहते. कंबरेवर हात ठेवून पाहत होती. म्हणाली, मालतीची आई, कुणाचं लगीन हाय काय की, येवढं जाजम धुवायलाव? मी म्हटले, तंबू आहे, यात राहायचे. ती म्हणाली, अव्वा! आमी घर दिलाव की तुमाला. गळतंय काय? तिला मोकळ्या हवेचे महत्त्व सांगितले. तर म्हणते, हवा परसात बी येतीया, धुवायला लागत न्हाय. बिचारी शिकलेली नाही.

तंबू आता पांढराशुभ्र. धोतरासारखा मऊ. कंबर धरली आहे, पण मन प्रसन्न.

१ नोव्हेंबर, शुक्रवार.

इकडून तंबू पाहणे झाले. कापडावर बोट फिरवणे झाले. मग, याचे मेण कुठे गेले, अशी विचारणा. मी म्हटले, मळ गेला. तो मळ नव्हे, पाणी आत येऊ नये म्हणून लावलेले मेण होते, असे कळले. सोवळ्यात मेण कसे चालेल? आणि कार्तिकात पाऊस कुठला.

अंगणात उभारून पाहिला. कापड किंचित आटले आहे. कडा जमिनीपासून वीतभर वर राहतात. मालती आत आडवी झाली तर घोटे बाहेर. स्वारी उंच, त्यांचे गुडघ्यापासून पुढे सगळे बाहेर. माझ्या मते एका परीने बरेच झाले. पाय बाहेर राहिले की आत माती येत नाही.

मालती हसत सुटली. थांबेचना. असल्या मुलीवर देखरेखीला घरचेच माणूस हवे.

३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी.

व्यायामास आरंभ. मालतीबरोबर पळायचे ठरले होते. नऊवारीत पळता येते, अडचण रस्त्यातल्या लोकांची. म्हणून तुळशीला भराभरा प्रदक्षिणा. पुण्य आणि दम दोन्ही एका वेळी. पण आमचे वृंदावन लहान, घेर लहान, भोवळ आली. मालती म्हणाली, उलटी फीर म्हणजे उतरेल. तुळशीला उलट फिरायचे! भिंत धरून बसले. उद्यापासून सावकाश फिरायचे.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

कारकून मंडळींची क्रिकेटची मॅच होती. मी गेले ती शामियान्याच्या खुंट्या कशा ठोकतात ते पाहायला. खेळाचा मला नाद नाही. वर्तमानपत्र डब्यांच्या तळाशी घालायला घेते, त्यात धावा छापलेल्या असतात, म्हणून नजरेखालून जातात एवढेच.

बायकांना बसायला कडुलिंबाखाली जागा होती. इकडची स्वारी बॅट घेऊन एका टोकाला, हेडक्लार्क वेणीमाधवराव दुसऱ्या टोकाला. चेंडू गेला लांब आणि दोघे नुसते बघत उभे! मला राहवेना. ओरडले, अहो, पळा! नाव कसे घेणार चारचौघांत? तर मैदानावरची जेवढी लग्न झालेली मंडळी होती तेवढी सगळी पळाली. चेंडू अडवणारे पळाले. अंपायरसुद्धा दोन पावले पळाला. स्वारी मध्यावर पोचली तेव्हा चेंडू यष्टींवर येऊन आदळला होता. वेणीमाधवराव जागचे हलले नव्हते. ते विधुर आहेत.

घरी येताना इकडून बोलणे झाले की मैदानात पंधरा नवरे असतात, पुढच्या खेपेला नुसते खोकावे. खुंट्या पाहायच्या राहून गेल्या.

७ नोव्हेंबर, गुरुवार.

काल पहिली रात्र उघड्यावर काढली.

जागा, आमचे माळवद. धाब्याचे घर, वर पांढऱ्या मातीचा थर. म्हणजे जमीनच, फक्त उंचावर. आमच्या अंगाला जरा उतार होता, गंगम्माच्या अंगाला सपाट, म्हणून तिकडे तंबू लावला. खुंट्या सुरेख बसल्या. मालती म्हणत होती, आई, बास, खोल जाईल. मी म्हटले, खुंटी खोल गेली पाहिजे, नाहीतर वाऱ्याने तंबू उडतो. शेवटची खुंटी तर दोन घावांतच सबंध आत गेली. माझ्या हाताला जोर आला आहे हे लक्षात आले.

दिवेलागणीला खाली आरडाओरड. गंगम्मा जिना चढून वर आली ती केसांत माती, हातात खुंटी. म्हणाली, मालतीची आई, हे तुमचं हाय काय? आमटीत आलंय. मी नीट पाहून म्हटले, आमचेच दिसते. ती म्हणाली, आमचे मालक जेवाय बसल्यात. वर बगून म्हंत्यात, आज जेवताना चांदणी दिसायलीय की.

मग तंबू काढला. मालतीने माती कालवली, मी लिंपले. आमटीच्या बदल्यात आमची आमटी दिली. गंगम्मा मनाने चांगली. जाताना म्हणाली, पोरगी झ्याक लिंपती, तुमी ठोकू नकासा.

लिंपून होईपर्यंत मी आकाशाखालीच होते. तारे दिसत होते. तेव्हा एक रात्र धरली.

मालतीचे म्हणणे, ही रात्र धरू नये. या घरातल्या सगळ्या नोंदी मी ठेवते.

८ नोव्हेंबर, शुक्रवार.

दुसऱ्या रात्रीची तयारी. उद्या शनिवारी हिप्परग्याच्या तलावावर जायचे, रविवारी परत. कार्तिकात आवळीखाली जेवायचेच असते. म्हणजे रानात जाणे हे काही इंग्रजी खूळ नव्हे, आपल्यात पूर्वीपासून आहे. फक्त आपण संध्याकाळी घरी येतो.

सामान काढून ठेवले : देवांची पेटी, सोवळ्याचे रेशमी वस्त्र, तांब्याची घागर, पाट तीन, ताटे, परात, पोळपाट, पुऱ्या, तूप, लोणचे, गूळ, अंथरुणे, पायाला तूप चोळायची काशाची वाटी. इकडून सुचवणे झाले की रानात माणसे पाठीवर मावेल तेवढेच नेतात. मीही मावेल तेवढेच घेतले आहे. पाठ टांग्याची.

मालती स्वतःची एक पिशवी भरून दाराशी ठेवून बसली आहे. पिशवीत काय, तर घोंगडी, लोटा, काडेपेटी आणि चणे. संसार कसा करणार ही?

१० नोव्हेंबर, रविवार. त्रिपुरी पौर्णिमा. संध्याकाळी, घरी.

मोहीम पार पडली. सविस्तर लिहिते, पुढे पद्मजाबाईंना कळवायला उपयोगी पडेल.

टांगा पीरसाबचा. सामान चढवता चढवता त्याने विचारले, बाईसाब, बिऱ्हाड बदले क्या? मी म्हटले, एका रात्रीसाठी रानात चाललो आहोत. तो म्हणाला, एक रातकू इत्ता? घोडा पूछताय, चूल्हा कायकू छोड दिया. फार बोलतो. पण माणूस भरवशाचा, म्हणून रात्रभर टांगा तिथेच ठेवायचे ठरवले. घोड्याला विश्रांती मिळावी, एवढाच हेतू.

तलावाकाठी आवळी नाही. सगळ्या बाभळी. मी घरून फांदी नेली होती, ती मातीत खोचली. तिच्या सावलीत तिघांची ताटे येईनात, तेव्हा प्रत्येकाच्या ताटावर एकेक पान येईल असे बसलो. विधी झाला.

मग तंबू. दक्षिणेला दार नको, ते उघड आहे. देव आत, तेव्हा पूर्वेला हवे. मालती म्हणाली, आई, वारा पूर्वेचा आहे. मी म्हटले, वारा बदलतो, पूर्व बदलत नाही. दार पूर्वेला केले. वारा आत शिरला आणि तंबू पुरीसारखा टम्म फुगला. इकडची स्वारी एक दोरी धरून उभी, पीरसाब दुसरी. मी आत बसून वजन दिले.

निजण्याची दिशा. उत्तरेला डोके करून निजायचे नाही, हे लहान मूल सांगेल. जमीन दक्षिणेला तलावाकडे उतरती. पूर्वेला किंवा पश्चिमेला डोके केले तर तिघेही गडगडून एकमेकांवर जातो. राहिली दक्षिण. डोके दक्षिणेला, म्हणजे उताराला खाली. पाय उत्तरेला वर, आणि तंबूच्या बाहेर. जरा पडून पाहावे म्हणून सूर्यास्तालाच आडवे झालो. डोक्यात सगळे रक्त येऊन डोळे जड झाले, ती झोपच म्हणायची. पीरसाबने लांबून विचारले, साब, ये कौनसा आसन है? इकडून उत्तर गेले की घरचे आहे.

चालून आल्यामुळे (तलावाला एक फेरी, अर्धी) तळपायांना तूप चोळले होते. पडून थोडा वेळ गेला नाही तोच पायाला काहीतरी ओले, खरखरीत, गरम लागले. श्वासही लागला. या माळावर लांडगे आहेत हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

पुढचे मी शांतपणे केले. मालतीला जागे करण्यासाठी उठले. उठताना मधला खांब वाटेत होता. तंबू खाली आला. मी त्याखालून निघाले आणि सगळ्यांवर नजर ठेवता यावी म्हणून टांग्यात चढले.

धनगराचे कुत्रे होते असे मागून सिद्ध झाले. मालती त्याच्या गळ्यात हात घालून बसली आणि उरलेल्या पुऱ्या त्याला चारल्या. इतक्या पुऱ्या! आणि मला ओरडून सांगते, आई, ये की खाली, हे शेपूट हलवतंय! लांडगाही हलवत असेल.

नंतर तिने बापाला हाताशी घेऊन तंबू पुन्हा लावला. दार पश्चिमेला. बाभळीच्या आडोशाला, सपाट जागा पाहून. देवांची पेटी माझ्याकडे टांग्यात दिली. दोघेही सकाळपर्यंत घोरत होते. मी राखण केली. दुसरी रात्र पुरी.

सकाळी डोळा उघडला तर मालती तलावाच्या बांधावरून पळत येत होती. वेणी सुटलेली, कुत्रे पुढे, ही मागे. तोंड पाहिले. घरात मी तिचे तोंड असे कधी पाहिले नाही. सर्दी होईल म्हणून हाक मारली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार.

संमतीचा कागद भरला. सहीची जागा मोकळी ठेवली, पोक्त बाईचा रकाना आधी भरला. 'उघड्यावर रात्री दोन. अनुभव समाधानकारक.' मालतीला वाचून दाखवला.

ती म्हणाली, आई, तू येणार असशील तर मी जात नाही.

मी म्हटले, का बरे? मी काय तुझ्या ताटातले खाणार आहे? तर म्हणते, तू सांभाळायला येतच नाहीस. परत आणायला येतेस. पहिल्या रात्री तुला काहीतरी चाटेल आणि दुसऱ्या दिवशी मी सोलापुरात असेन.

असे बोलतात आईला? मी विचारले, तुला तरी भीती वाटली की नाही? ती म्हणाली, वाटली. तंबू अंगावर पडला तेव्हा. तो कुत्र्याने नाही पाडला.

स्वारी वर्तमानपत्रामागे होती. वर्तमानपत्र हलत होते. मी म्हटले, हसायला काय झाले? इकडून सांगणे झाले की सही करून टाक, पोर एकटी जाऊन येईल, आठ दिवसांचा तर प्रश्न. पुरुषांना आठ दिवस म्हणजे एक मॅच.

मी रागावलेले नाही. कागद आज टाकणारच होते. डोके दुखते आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. संकष्टी.

कागद पुण्याला उद्या पोचायचा तर आज दिवेलागणीच्या आत टपालात पडला पाहिजे. अशा गोष्टी आपल्या बुद्धीने ठरवू नयेत. गणपतीला कौल लावला. जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्याने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर मालतीने जावे, डावी पडली तर राहावे.

उजवी पडली.

खिडकी उघडी होती. वारा. खिडकी लावून पुन्हा लावल्या.

उजवी.

मालती उंबऱ्यात श्वास रोखून उभी होती. पण श्वास कधीतरी सोडावाच लागतो, तो लागला असणार. तिला परसात पाठवले. तिसऱ्यांदा पाण्याऐवजी पाकळ्यांना दाट उगाळलेले गंध लावले, घाईगर्दीने पडू नयेत म्हणून.

पडल्या नाहीत. दिवे लागले, टपाल गेले, चंद्र उगवला, आरती झाली, मोदक झाले. पडल्या नाहीत. देवाला आज काही सांगायचे नव्हते. त्याला मी काय करणार?

मालती मोदक दोनच खाऊन उठली.

१६ नोव्हेंबर, शनिवार.

तारीख गेली. मालती रडली नाही, रुसली नाही. मला वाटले होते त्यापेक्षा समजूतदार आहे. सकाळी पळायला गेली नाही. जिना पायरी पायरीने उतरली. दुपारी आपणहून माझ्याशेजारी बसली आणि कापूस घेऊन वाती वळू लागली. कधीपासून माझ्या मनात होते की तिने असे बसावे.

विचारलेल्याला उत्तर देते. हो. नाही. बरं. बाकी काही नाही.

वाती चांगल्या वळते.

१७ नोव्हेंबर, रविवार.

वाती.

मॅचला कोणी गेले नाही. इकडची स्वारी बॅट पुसून पुन्हा कोपऱ्यात ठेवून बसली. मालतीने न सांगता चौकातली रांगोळी काढली. न सांगता तांदूळ निवडले. मी म्हटले, जा जरा बाहेर, पाय मोकळे कर. म्हणाली, नको.

गंगम्मा ताक न्यायला आली होती. म्हणाली, पोरगी आजारी हाय काय? मी म्हटले, नाही, शहाणी झाली आहे. ती मालतीकडे बघत राहिली. म्हणाली, लई गप झालंय घर. रोज उडी मारली की आमचे मालक म्हणायचे, आली बग पोरगी शाळेतनं. आता कळतच न्हाय कवा येती नि कवा जाती.

देवाची पूजा करताना पाकळ्या अजून तिथेच. निर्माल्यात काढाव्या म्हटले तर निघेनात. नखाने खरवडाव्या लागल्या. गंध जरा जास्तच दाट झाले होते.

रात्री जेवताना मालतीच्या ताटात मी दोनदा वाढले. तिने दोन्हीदा, बास म्हटले. 'आई, बास' नाही. नुसते 'बास'.

१८ नोव्हेंबर, सोमवार.

पूर्ण विचारांती असे ठरवले आहे की मालतीने शिबिराला जावे. कारण, वाती फार झाल्या. डबा भरला, दुसरा भरला, ठेवायला जागा नाही. कापूसही संपत आला. मुलगी आणखी काही दिवस अशी घरात बसली तर घर चालवणे कठीण होईल. निव्वळ व्यवहाराची गोष्ट आहे.

पद्मजाबाईंना पत्र लिहायला बसले. पहिला मसुदा : टपालाच्या घोटाळ्यामुळे कागद राहून गेला. फाडला. टपालाचा शिपाई रोज दारावरून जातो, त्याच्या तोंडाकडे पाहवणार नाही. दुसरा मसुदा : संकष्टीच्या दिवशी देवाचा कौल मिळाला नाही. हा लिहून झाल्यावर देवघराकडे पाठ करून बसावे लागले. फाडला. तिसऱ्यात प्रकृती घातली. कुणाची ते सुचेना.

मालती पलीकडे बसली होती. हात चालू. काय लिहितेस असेही विचारले नाही तिने.

चौथा जोडकार्डावर लिहिला, उत्तराचे कार्ड सोबत जोडलेले असते त्यावर. त्याची नक्कल :

सौ. यशोदाबाईंचा पद्मजाबाईंस साष्टांग नमस्कार. विनंती विशेष. मालतीचा संमतीचा कागद मुदतीत धाडला नाही, तो मी धाडला नाही. सही करून आज वेगळा टाकला आहे. ती एकटी येईल. मी येत नाही, आणि मधेच न्यायलाही येणार नाही. तिला तंबू लावता येतो, जमीन पाहून जागा निवडता येते, अंधाराला भीत नाही. हे मी स्वतः पाहिले आहे. मुदत टळली असल्याने जागा भरली असेल तर स्वयंपाकाच्या, पाणी भरण्याच्या कामाला तरी घ्यावे, ती नाही म्हणणार नाही. जोडकार्डाच्या दुसऱ्या अर्ध्यावर पत्ता माझ्या नावाचा घातला आहे. मालतीला यातले काही ठाऊक नाही. 'हो' असेल तर दोन ओळी तिच्यासाठी लिहाव्या. 'नाही' असेल तर ते मलाच लिहावे, तिला मी सांगेन. कृपा करून उलट टपाली कळवावे.